भीमसिंग हयात आहेत

आमच्या संस्थेच्या शाळा किती, असा साधा प्रश्न हिंगोलीच्या बैठकीत विचारला गेला, तेव्हा अध्यक्षसाहेब म्हणाले अकरा, सचिव म्हणाले नऊ, आणि मी, संतराम पतंगे, हेडक्लार्क या नात्यानं फाइल उघडून म्हणालो सात. तिघंही खरं बोलत होतो. पाट्या अकरा होत्या, मान्यता नऊ होत्या आणि इमारती सात होत्या. हे समजावून सांगायला मी उभा राहिलो, पण तोवर सगळं सभागृह हसायला लागलं होतं. मी खाली बसलो, तेव्हा आणखी हसलं.

संस्थेचं नाव मी सांगणार नाही. कळमनुरी तालुक्यात आहे, आणि गोष्ट २००४ सालची आहे, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. महिन्याभरापूर्वी ते औरंगाबादला संस्थाचालकांच्या कार्यशाळेला गेले होते. तिथून त्यांनी एक कापडी पिशवी, दोन पेनं आणि एक विचार आणला होता. पिशवी आणि पेनं घरी गेली, विचार माझ्या वाट्याला आला.

"संतराम," ते म्हणाले, "माहिती ढिगानं असून उपयोग न्हाई. माहिती जोडलेली पायजे. प्रत्येक गोष्टीला एक वर्तुळ काढायचं. या वर्तुळापासून त्या वर्तुळाला बाण. बाणावर नातं लिवायचं. शाळा गावात हाये. मास्तर शाळेत हाये. पोरगं मास्तरच्या वर्गात हाये. मंग कोनी काय बी इचारलं की बाण धरून चालत जायाचं, उत्तर सापडतं. मोठमोठ्या कंपन्या असंच करून राहिल्यात. आपल्या संस्थेचं असं जाळं तुमी करा. एक बी माणूस सुटला न्हाई पायजे, एक बी नातं सुटलं न्हाई पायजे."

सतरा वर्षांच्या नोकरीत संस्थेनं मला दिलेलं हे पहिलंच काम, ज्यात टाचण्या लागणार नव्हत्या. मी हुरळलो. घरी येऊन बायकोला, संगिताला म्हणालो, "मला संस्थेचं सगळं ज्ञान जोडायला सांगितलंय."

ती म्हणाली, "मिक्सरचं बटन आधी जोडा."

कॉम्प्युटरची बाजू सांभाळायला इनायत होता. बसस्टँडसमोर त्याचा कॉम्प्युटर क्लास. तीन मशीन, त्यातली दोन चालू, आणि बाहेर चपला काढायची सक्त ताकीद. माणूस हुशार आणि सरळ. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, मशीन का काम तो दो हप्ते का हाये. पैले तुमी कागदावर ठरवा, कोनती चीज काय हाये. एक चीज, एक गोला. एका गोल्याचा एकच मतलब. मतलब दो हुए, तो मशीन बी पागल और तुमी बी पागल."

मला वाटलं, यात काय अवघड? मी तर शाळेपासूनच सुरुवात केली. शाळा म्हणजे काय, हे ठरवायला मला नऊ दिवस लागले.

इमारत म्हणजे शाळा म्हणावं, तर आमच्या दोन शाळा एका मंगल कार्यालयात भरत होत्या आणि लग्नसराईत भरत नव्हत्या. मान्यतेचा कागद म्हणजे शाळा म्हणावं, तर एका कागदाच्या शाळेत फक्त एक कपाट होतं. मुलं म्हणजे शाळा, हा विचार मला स्वतःलाच फार आवडला, पण मग विद्यार्थी म्हणजे काय हे ठरवावं लागलं. मी चार मुख्याध्यापकांना विचारलं. पहिला म्हणाला, हजेरीपटावर ज्याचं नाव आहे तो. दुसरा म्हणाला, वर्गात बसतो तो. तिसऱ्यानं खिचडीच्या वेळी मोजायला सांगितलं. चौथा जुना माणूस, त्यानं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "पतंगे, खरंखरं बोला, कोन तपासायला येऊन राहिलंय?"

आमचे शेजारी कोंडीबा तात्या निवृत्त तलाठी. माझी बातमी त्यांना समजली, तशी ते रोज सकाळी पेपर घेऊन आमच्या ओट्यावर बसायला लागले. मी म्हणालो, आता गावाची व्याख्या करायची आहे. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "गाव म्हंजे काय हे सरकारला पन्नास वर्षांत ठरवता आलं न्हाई, अन् तुमी रविवारी ठरवून राहिलात? एक महसुली गाव असतं, एक ग्रामपंचायतीचं असतं, एक लोकांच्या तोंडातलं असतं. तांडा तर कशातच न्हाई. मानसं हायेत, घरं हायेत, इहीर हाये, पन कागदावर तांडा शेजारच्या गावात. म्या तीस वर्सं नोकरी केली, ती काही इचारायचं न्हाई म्हनून झाली."

हा सल्ला मी ऐकायला हवा होता.

आणि जिल्ह्याचं काय करायचं? हिंगोली जिल्हा वेगळा होऊन पाच वर्षं झाली होती. आमची अर्धी कागदपत्रं परभणी जिल्ह्यातली, अर्धी हिंगोलीतली. त्यामुळे प्रत्येक शाळा जाळ्यात दोनदा येत होती, एकदा परभणीत, एकदा हिंगोलीत. एका मुख्याध्यापकांची तर नेमणूक परभणी जिल्ह्यात झाली होती, बदली हिंगोली जिल्ह्यात, आणि या सबंध काळात ते त्याच खुर्चीवर त्याच उशीवर बसलेले होते. इनायतला सांगितलं, तर तो म्हणाला, "बराबर. वर्तुळाला तारीख लावा. कबसे कबतक." मी तारखा लावायला बसलो. तारखा लावल्या की नवे प्रश्न यायचे, प्रश्न आले की नवी वर्तुळं.

ऑफिसात एवढा मोठा कागद पसरायला जागा नव्हती, म्हणून मी पुस्तकांना घालायचे खाकी कागद जोडून घरच्या बैठकीतल्या भिंतींवर चिकटवले. दिवाळीच्या आधी संगितानं त्या भिंतींना गुलाबी रंग दिला होता. तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून कागदासमोर उभी राहिली.

"यात मी कुठं आहे?"

"तू संस्थेत नाहीस."

"मग संस्था माझ्या घरात काहून आहे?"

मी तिला समजावून सांगितलं की नातं सांगताना बाणाची दिशा महत्त्वाची असते. उदाहरण म्हणून एका कोपऱ्यात 'संतराम' आणि 'संगिता' अशी दोन वर्तुळं काढली आणि विचारलं, आता बाण कसा काढू? ती म्हणाली, "तुमच्याकडून माझ्याकडं एकच बाण येतो. चहा टाक. तेवढा काढा." पाहुणे यायचे, तक्त्याकडे बघायचे आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायचे. कोणीतरी तिला लातूरच्या एका डॉक्टरचा पत्ताही दिला.

एवढं सगळं होऊनही जाळं भरत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मला त्याचा नाद लागला. जेवताना भाकरीकडे बघून मला वाटायचं, ही ज्वारीपासून बनलेली आहे, संगितानं बनवली आहे, माझ्या ताटात आहे. तीन बाण. आजवर मी नोकरी नुसती करत होतो, आता ती मला समजायला लागली होती.

फक्त पेमा तांड्यावरची आश्रमशाळा राहिली. राहण्याजेवणाची शाळा, एकशेवीस मुलं. कागदात ती तीन नावांनी होती, तीन वेगवेगळ्या गावांत. ती एक शाळा की तीन, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ठरणार नव्हतं. मी एसटीनं फाट्यावर उतरलो आणि पुढं तीन किलोमीटर चालत गेलो. चपलेचा अंगठा तुटला. तो बाण मी कुठं लिहिला नाही.

शाळा एकच निघाली. मुख्याध्यापक प्रेमदास मला लांबून येताना बघूनच घंटा द्यायला धावले. मी तपासणीला आलो नाही, हे पटवायला अर्धा तास गेला, आणि पटल्यावर मी त्यांच्या नजरेतून साफ उतरलो. मग त्यांनी मला स्वयंपाकघराकडे पाठवलं. "जेवून घ्या सर, तवर मी कागद काढतो."

स्वयंपाकघरात एक बाई भाकरी थापत होत्या. पन्नाशीच्या, बंजारा वेशातल्या, पण हात मोकळे, सवाष्णीचा चुडा नाही. एकीकडे भाकरी, एकीकडे वरणाचं पातेलं, आणि तोंडानं दारातल्या लेकरांना हाकलणं सुरू. "ए, हात धुतला का? दाव. ह्यो हात हाये का नांगर?"

मी वही काढली. एकही माणूस सुटता कामा नये, असा हुकूम होता. "बाई, तुमचं नाव?"

भाकरी हातातच थांबली. "माजं?"

"हो."

"माजं काहून? काय झालं?"

"काही नाही. नुसतं लिहायचं आहे."

"जिवनबाई," त्या म्हणाल्या. मग जरा पुढं वाकून, "लिवलं का? वाचून दावा."

मी वाचून दाखवलं, "जिवनबाई. आश्रमशाळेत स्वयंपाक करतात." त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. मग भाकरी तव्यावर टाकली. "इतकी सालं झाली, कोनी लिवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कागदावर मालकाचं नाव हाये. भीमसिंग. नोकरी त्यांची होती. ते कावीळ होऊन गेले, ब्यान्नव सालच्या पोळ्याच्या आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी लेकरं उपाशी ऱ्हातील म्हनून म्या आले. मास्तर म्हनले, तूच कर, अंगठा लावत जा. तवापून लावून राहिले."

"पण अंगठा भीमसिंगच्या नावापुढं?"

"व्हय. अंगठ्याला कुठं नाव ऱ्हातं?"

बारा वर्षं. संस्थेच्या हजेरीपटावर बारा वर्षं एक मेलेला माणूस रोज सकाळी कामावर येत होता, एकही रजा न घेता. मी थक्क झालो. आणि खरं सांगायचं, तर मला आनंद झाला. घरी येऊन मी मोठ्या प्रेमानं दोन वर्तुळं काढली. एका वर्तुळात 'भीमसिंग (मयत, १९९२)', दुसऱ्यात 'जिवनबाई'. एक बाण 'पत्नी', एक बाण 'स्वयंपाक करते'. सगळ्या तक्त्यात एवढी स्वच्छ जागा दुसरी नव्हती. इनायतनं हे सगळं मशीनमध्ये भरलं. मी त्याला बजावून सांगितलं, "एक नियम घाल. मयत माणूस परत हयात होऊ शकत नाही. चुकून कोणी बटन दाबलं तरी नाही."

"पक्का नियम," इनायत म्हणाला. "खुदा का बी यही नियम हाये."

अध्यक्षसाहेबांनी जाळ्याचं प्रदर्शन ठरवलं. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, हिंगोलीहून एक मोठे अधिकारी बोलावले, हार, नारळ. इनायतचं मशीन टेम्पोतून आणलं, पण वीज गेलेली होती. म्हणून माझा खाकी कागद भिंतीवर लावला. वीस फूट लांब. मी हातात फूटपट्टी घेऊन उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट होता, संगिता मागच्या रांगेत बसली होती. आयुष्यात मी इतका उंच कधी झालो नव्हतो.

तेव्हा पहिल्यांदा मी तो कागद लांबून पाहिला.

घरी बैठकीची खोली दहा बाय दहाची. कागद दोन भिंतींवर वळवून लावलेला. त्यामुळे मला कायम एका वेळी दोन-तीन फूटच दिसत होते. 'एक बी नातं सुटलं न्हाई पायजे,' असं अध्यक्षसाहेब म्हणाले होते, म्हणून मी माणसामाणसांतली नातीही लिहिली होती. पुतण्या. मेहुणा. साडू. भाच्याची बायको. एकेक लिहिताना काही वाटलं नव्हतं. आता वीस फुटांचा कागद सरळ पसरला, आणि सगळ्या शाळांतून निघालेले एकतीस बाण मधोमध एका वर्तुळात घुसलेले दिसले. तिथं एवढी शाई झाली होती की वर्तुळातलं नाव वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती. ते पहिल्या रांगेत हार घालून बसले होते.

कोणीतरी खोकलं. सचिव, म्हणजे बाण क्रमांक चार, चष्मा पुसायला लागले. मागून कोंडीबा तात्या मोठ्यानं म्हणाले, "चांगली वंशावळ हाये."

माझी नोकरी गेली, असं मला वाटलं. पण अधिकारी अनुभवी होते. त्यांनी त्या काळ्या ठिपक्याकडे एकदा पाहिलं, अध्यक्षसाहेबांकडे एकदा पाहिलं, आणि नजर शांतपणे कागदाच्या उजव्या टोकाला नेली. तिथं कोपऱ्यात ती दोन स्वच्छ वर्तुळं होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. फूटपट्टी खाली ठेवून, शाई सांडली साहेब, असं म्हणायला हवं होतं. पण माझ्या सगळ्या कामातली सगळ्यात नेटकी जागा एका मोठ्या माणसानं बघितली होती. मी सांगत सुटलो. भीमसिंग, कावीळ, पोळा, अंगठा, बारा वर्षं. छान रंगवून सांगितलं. लोक हसलेसुद्धा.

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. "म्हणजे मयत व्यक्ती हजेरीपटावर आहे? हे गंभीर आहे." अध्यक्षसाहेब तत्काळ उठून म्हणाले, "अतिशय गंभीर हाये. संस्था याची दखल घेईल." एकतीस जिवंत बाणांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांना एकदम हायसं वाटल्यासारखं झालं, आणि नारळ फुटला. जाता जाता अधिकाऱ्यांनी माझा खांदा थोपटला. "ऑपरेटर चांगला मिळालाय तुम्हाला," ते अध्यक्षांना म्हणाले. सतरा वर्षांचा हेडक्लार्क मी.

चौथ्या दिवशी जिवनबाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते पत्र मीच टाइप केलं. पत्र कोणाच्या नावानं करायचं, यावर अर्धा दिवस गेला. जिवनबाई संस्थेत कधी नव्हत्याच, त्यामुळे त्यांना काढता येत नव्हतं. शेवटी पत्र भीमसिंगच्या नावानं निघालं, की तुम्ही १९९२ साली मयत झाल्याचं निदर्शनास आल्यानं तुमची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

त्या दिवशी जेवताना मी हे घरी सांगितलं. संगितानं सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला ठेवलं. "त्या बाईनं तुम्हाला जेवू घातलं होतं ना?" एवढंच ती म्हणाली. मिक्सरवरून ती मला तास तासभर बोलली आहे, आणि मला कधी काही झालं नाही. या एका वाक्यानं मी दोन रात्री कुशी बदलत काढल्या.

मी चूक दुरुस्त करायचं ठरवलं. म्हटलं, सोपं आहे. भीमसिंगची जागा रिकामी झाली, त्या जागी जिवनबाईंना घेऊ. पण जागा रिकामी व्हायला माणूस निवृत्त व्हावा लागतो, राजीनामा द्यावा लागतो किंवा मरावा लागतो. १९९२ साली मेला म्हणावं, तर बारा वर्षांची हजेरी खोटी ठरत होती आणि प्रेमदास मास्तर अडकत होते. म्हणून मी सुचवलं, आत्ता मेला असं दाखवू. ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं दप्तर उघडून दाखवलं. "सायेब, हा मानूस आमच्याकडं एकदा मेलेला हाये. दुसऱ्यांदा मारता येत न्हाई." राजीनाम्याचं विचारलं, तर सचिव म्हणाले, मयत माणसाची सही कोण घेणार? अंगठा चालेल का, असं मी विचारणार होतो, पण जीभ आवरली. वारस म्हणून अर्ज करावा, तर मुदत संपून अकरा वर्षं झाली होती. नवीन भरतीला वयाची अट आडवी येत होती. मी जिथं जिथं गेलो तिथं माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. पटल्यावर त्यांनी मला पुढच्या टेबलाकडे पाठवलं.

अध्यक्षसाहेबांकडे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मनाशी ठरवून गेलो होतो की एकतीस बाणांचं बोलायचं. आत शिरलो. ते म्हणाले, "बोला संतराम." मी म्हणालो, "पंखा आवाज करतोय, इलेक्ट्रिशियन बोलावू का?" आणि बाहेर आलो. शौर्य प्रत्येकाच्या कुंडलीत नसतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यानं काही फरक पडत नाही.

दरम्यान आश्रमशाळेत नवा स्वयंपाकी रुजू झाला. बाण क्रमांक बत्तीस. त्यानं पहिल्या आठवड्यात वरण दोनदा जाळलं आणि भाकरी येत नाही म्हणून रोज भातच केला. मुलं घरी जायला लागली. एकशेवीसची सत्तर झाली, सत्तरची एकेचाळीस. एका दुपारी प्रेमदास मास्तर धापा टाकत ऑफिसात आले आणि थेट केबिनमध्ये गेले. मी कागद घेऊन मागोमाग.

"लेकरं निघून जाऊन राहिलीत सायेब. काल धा गेली. शाळाच बंद व्हईल."

मुलांचं पोट ही अडचण अध्यक्षसाहेबांना समजली नसती, पण शाळा बंद होणं ही अडचण त्यांना लगेच समजली. त्यांनी डोळे मिटले, विचार केला आणि फार साधा तोडगा काढला. "भीमसिंगला परत घ्या. मयत लिवलं ती लिवायची चूक होती. दुरुस्ती करा. नव्या स्वयंपाक्याला दुसऱ्या शाळेत टाका. अन् त्या बाईला म्हनावं, पयल्यासारखं ये."

"पण साहेब," मी म्हणालो, "भीमसिंग खरंच..."

"संतराम, जाळं तुमीच केलं, तुमीच गुंता सोडवा."

मी इनायतकडे गेलो. त्यानं बटनं दाबली. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा दाबली, पुन्हा नाही. "सर, तुमचाच नियम हाये," तो म्हणाला. "मयत परत हयात होत न्हाई."

"मग नियम काढ."

इनायतनं पडदा माझ्याकडं वळवला. "काढला तर सगळ्यांसाठी निघतो. ऐसा एक आदमी के वास्ते नहीं निकलता."

"काढ."

त्यानं काढला. भीमसिंगच्या नावापुढं 'हयात' अशी अक्षरं आली. मग मशीननं विचारलं, एका जागेवर दोन माणसं आहेत, कोणतं ठेवू? जिवनबाईंचं वर्तुळ मी माझ्या हातानं पुसलं. इनायतनं त्या दिवशी चहा मागवला नाही.

निरोप सांगायला कोणाला तरी तांड्यावर जायचं होतं. मास्तर म्हणाले, मी सांगतो. पण मीच गेलो. फाट्यावर उतरलो, तीन किलोमीटर चाललो. जिवनबाई घरासमोर दोन बायकांबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणलं. मी घोट घेतला आणि खाली बघत सांगितलं की उद्यापासून कामावर या, सगळं पूर्वीसारखं झालंय, कागदावर भीमसिंग आहेत.

"हायेत म्हंजे?"

"म्हणजे... मेले म्हणून लिहिलं होतं ते खोडलं. आता हयात लिहिलंय."

मग त्यांनी मोकळे हात पुढे धरून पाहिले, आणि अगदी सरळपणे, थट्टा नाही, टोमणा नाही, ऑफिसात एखादी शंका विचारावी तसं मला विचारलं, "मंग म्या चुडा परत घालू का?"

शेजारच्या दोघी फस्सकन हसल्या. जिवनबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या, कारण मी संस्थेचा माणूस होतो आणि कागदाचं मला कळत होतं.

मी म्हणालो, "साहेबांना विचारून सांगतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली उचलून आत ठेवायला गेल्या. सकाळी एकेचाळीस लेकरांचा स्वयंपाक होता.